सिंगल मॉल्ट निवडताना: बाटलीवरचे आकडे आणि आपलं नाक

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

विषय जाहीर झाल्यावर मला दोन प्रकारचे फोन आले. एक, "ह्या वयात हे काय बोलायला निघालात?" आणि दुसरा, "प्रात्यक्षिक आहे का?" (हशा) प्रात्यक्षिक नाही. जे पीत नाहीत त्यांनी आजच्या बोलण्यामुळे सुरुवात करावी, असा माझा अजिबात आग्रह नाही. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी कायद्याने वय पंचवीस लागतं आणि परवानाही लागतो, हेही सांगून ठेवतो. आजचं बोलणं आहे ते निवडीबद्दल. पुस्तक, गाणं, नाटक ह्यांची समीक्षा आपण करतो. मग चवीची का नको? आणि चवीची समीक्षा करायची, तर चवीआधी जे येतं, म्हणजे लेबल, किंमत, लोकांचं बोलणं, त्याचीही करायला हवी.

घरातल्याच एका गोष्टीपासून सुरू करतो. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, त्याच्या साहेबांनी निवृत्तीच्या वेळी एक बाटली दिली होती. बारा वर्षांची सिंगल मॉल्ट. दादाने ती शोकेसमध्ये ठेवली, चांदीच्या गणपतीपासून योग्य अंतर राखून. (हशा) मुलीच्या लग्नात उघडू म्हणाला, मग नातू झाल्यावर, मग पंच्याहत्तरीला. दर वर्षी आल्यागेल्याला सांगायचा, "आता ही वीस वर्षांची झाली. आता पंचवीस." पंच्याहत्तरीला उघडली तेव्हा बूच मधोमध तुटलं. बाटली आडवी ठेवली होती ना, वाइनसारखी. चहाच्या गाळणीतून गाळून घेतली. बाटलीत पातळीही दोन बोटं उतरलेली. दादाने एक घोट घेतला, थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ह्याच्यासाठी थांबलो होतो मी?"

व्हिस्की वाईट नव्हती, थोडी विझलेली होती, एवढंच. पण दादाने ती वीस वर्षं चवीसाठी ठेवलीच नव्हती. त्याने ठेवला होता तो आकडा. व्हिस्की पिंपात असते तोवरच तिचं वय वाढतं. बाटलीत भरली की घड्याळ थांबतं. बारा वर्षांची व्हिस्की शोकेसमध्ये पन्नास वर्षं राहिली तरी बाराचीच राहते. आणि तीव्र मद्य बुचाला सतत लागत राहिलं तर बूच खराब होतं, म्हणून ही बाटली उभीच ठेवायची. हे दादाला कुणी सांगितलं नाही, मीही नाही, कारण तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

तर आज माझं म्हणणं एवढंच आहे: आपण सिंगल मॉल्ट निवडतो ती आकड्यांवरून. वय किती, गुण किती, किंमत किती. ह्यातला प्रत्येक आकडा काहीतरी सांगतो, पण आपल्याला जे हवं असतं ते सांगत नाही. म्हणून एकेक आकडा हातात घेऊन बघू.

त्याआधी "सिंगल मॉल्ट" म्हणजे काय ते नक्की करू. पुष्कळांना वाटतं, सिंगल म्हणजे एकाच पिंपातली. तसं नाही. सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीतली. एका बाटलीत त्या डिस्टिलरीतल्या शंभर पिंपांचं मिश्रण असू शकतं. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आणि स्कॉटलंडात ते फक्त जव, म्हणजे बार्ली. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांत हे सगळं लिहिलेलं आहे: फक्त मोडाचा जव, पाणी आणि यीस्ट, एकच डिस्टिलरी, भट्टीत घाण्याघाण्याने काढलेली, सातशे लिटरपेक्षा मोठं नाही अशा ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं स्कॉटलंडातच ठेवलेली, आणि बाटलीत किमान चाळीस टक्के अल्कोहोल. वरून काय घालता येतं? पाणी, आणि रंगासाठी साधं कॅरॅमल. बस.

आपल्याकडे "पहिल्या धारेची" असं कौतुकाने म्हणतात. स्कॉटलंडात उलटं आहे. दुसऱ्या ऊर्ध्वपातनात जी पहिली धार येते ती बाजूला काढतात, शेवटचीही बाजूला काढतात, आणि मधली तेवढी पिंपात जाते. मधली म्हणजे कुठपासून कुठपर्यंत, हा निर्णय प्रत्येक डिस्टिलरीचा वेगळा, आणि चवीतला मोठा फरक तिथे पडतो. बाटलीवर ह्याचा आकडा कुठेही नसतो, हे लक्षात ठेवा. गोव्यातल्या मंडळींना दुसऱ्या ऊर्ध्वपातनाची कल्पना लगेच येईल: काजूच्या रसाची आधी उर्राक काढतात, मग फेणी. तत्त्व तेच, फक्त फेणीला पिंपात मुरवत ठेवण्याची सक्ती नाही.

आता पहिला आकडा, वय.

बाटलीवर "१२" लिहिलं असेल तर कायद्याने त्याचा अर्थ असा, की आतली सर्वांत कोवळी व्हिस्की बारा वर्षांची आहे. आत वीस वर्षांचीही असेल, पण सांगायचं ते सर्वांत लहान वय. म्हणजे हा आकडा प्रामाणिक आहे. माझी तक्रार आकड्याबद्दल नाही, आपण त्याचा जो अर्थ लावतो त्याबद्दल आहे. आपण म्हणतो, बारापेक्षा अठरा चांगली, अठरापेक्षा पंचवीस. हे म्हणजे ज्याचा रियाज जास्त वर्षांचा त्याचं गाणं चांगलं, असं म्हणण्यासारखं झालं. रियाज कुठे केला, कुणाकडे केला, गळा मुळात कसा होता, हे विचारायचंच नाही का?

इथे गळा म्हणजे पिंप. व्हिस्कीची निम्म्याहून जास्त चव लाकडातून येते असं जाणकार मानतात. अमेरिकेत बर्बनसाठी कायद्याने दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं स्कॉटलंडला विकली जातात. त्यांतून व्हॅनिला, नारळ, मध अशा छटा येतात. स्पेनमधल्या शेरी वाइनच्या पिंपांतून मनुका, अंजीर, सुका मेवा. पण तेच पिंप दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वापरलं की चहाची पत्ती पुन्हापुन्हा उकळल्यासारखं होतं. दमलेल्या पिंपात अठरा वर्षं काढलेली व्हिस्की चांगल्या पिंपातल्या दहा वर्षांच्या व्हिस्कीपुढे फिकी पडू शकते. उलटही होतं. फार जोमदार पिंपात फार वर्षं ठेवली तर लाकूडच लाकूड लागतं, तुरट, जणू पेन्सिल चघळतोय. वयाचा आकडा ह्यातलं काहीच सांगत नाही.

आणि हवामान? पिंपातून दर वर्षी थोडी व्हिस्की उडून जाते. तिला स्कॉटलंडात "देवदूतांचा वाटा" म्हणतात. तिकडे हा वाटा वर्षाला साधारण दोन टक्के. बंगळुरात दहा टक्के आणि त्याच्याही वर. गोव्यातही उकाड्यामुळे स्कॉटलंडच्या कितीतरी पट. आता साधा हिशोब करा. शंभर लिटर पिंपात भरले. दोन टक्क्यांनी बारा वर्षांनंतर अठ्ठ्याहत्तर लिटर उरतात. दहा टक्क्यांनी उरतात अठ्ठावीस. म्हणजे बंगळुरात बारा वर्षं थांबणाऱ्याचे देवदूत खूश आणि मालक कंगाल. (हशा) बंगळुरच्या अमृत डिस्टिलरीने आठ वर्षांची एक व्हिस्की बाजारात आणली तेव्हा तिचं नावच ठेवलं "ग्रीडी एंजल्स", हावरे देवदूत. उकाड्यात लाकडाशी देवाणघेवाण जलद होते, म्हणून आपल्याकडची चार-पाच वर्षांची व्हिस्की कोवळी लागत नाही. पण "तिकडचं एक वर्ष म्हणजे इकडची चार" अशी जी गणितं सांगितली जातात, तीही मला पटत नाहीत. लाकूड लवकर भिनतं हे खरं. पण थंडीत सावकाश घडणारे काही बदल असतात, त्यांना वेळच लागतो. गोव्याची व्हिस्की ही घाईत म्हातारी झालेली स्कॉच नाही, ती वेगळी चीज आहे. तिला तिच्या मापाने मोजा.

मग हे वयाचं वेड आलं कुठून? सिंगल मॉल्ट हा शब्द आज मोठा वाटतो, पण बाजारात तो अलीकडचा आहे. स्कॉटलंडातला बहुतेक मॉल्ट ब्लेंडमध्ये जायचा, अजूनही बराचसा जातो. १९६३ मध्ये ग्लेनफिडिकने आपला मॉल्ट स्कॉटलंडबाहेर ठरवून विकायला सुरुवात केली. १९८० च्या दशकात मागणी घटली, माल पडून राहिला, १९८३ मध्ये पोर्ट एलन, ब्रोरा अशा डिस्टिलऱ्या बंद झाल्या. मग १९८८ मध्ये एका मोठ्या कंपनीने लॅगाव्हुलिन, टॅलिस्कर, ओबान, क्रॅगनमोर, डलव्हिनी आणि ग्लेनकिंची अशा सहा डिस्टिलऱ्यांचा "क्लासिक मॉल्ट्स" म्हणून संच मांडला आणि प्रत्येक प्रदेशाची चव वेगळी ही कल्पना लोकांच्या मनात बसवली. त्या काळात जुना माल मुबलक होता. त्यामुळे वय हीच जाहिरात झाली.

पुढे मागणी वाढली, जुना माल कमी पडू लागला. मग वय न लिहिलेल्या बाटल्या जास्त येऊ लागल्या. मकॅलनने २०१२ नंतर काही देशांत गोल्ड, अँबर, सिएना, रूबी अशी रंगांची नावं देऊन बाटल्या आणल्या. इथे माझी कंपन्यांवर सरळ टीका आहे. तीस वर्षं तुम्ही आम्हाला शिकवलंत की वय म्हणजे सर्वस्व. गोदामात माल संपत आल्यावर शिकवलंत की वय म्हणजे नुसता आकडा. दोन्ही वेळा शिकवणी तुमच्या गोदामाच्या सोयीची! वय न लिहिलेली व्हिस्की वाईट असते असं मी म्हणत नाही, उत्तम असू शकते. पण वय काढून टाकलंत तर त्या जागी दुसरी माहिती द्या. पिंप कोणतं, कितव्यांदा भरलेलं, रंग घातलाय का. ते न सांगता वादळ, सोनं, माणिक असली नावं द्यायची, ही माहिती लपवण्याची अलंकारिक पद्धत झाली.

दुसरा आकडा, गुण. शंभरपैकी किती.

व्हिस्की समीक्षेत ही पद्धत रुळवणाऱ्यांत एक मोठं नाव मायकल जॅक्सन. गाणारे नव्हेत, लिहिणारे. (हशा) इंग्लंडमधले पत्रकार, बिअर आणि व्हिस्कीवर लिहायचे, २००७ मध्ये गेले. त्यांचं मॉल्ट व्हिस्कीवरचं मार्गदर्शक पुस्तक १९८९ मध्ये आलं आणि एका पिढीने ते हातात धरून खरेदी केली. त्यांच्या लिहिण्यात माया होती, डिस्टिलरीचा परिसर, पाणी, माणसं असायची. पण लोकांनी उचलला तो फक्त आकडा. मजकूर वाचून निवड करायला वेळ लागतो, ८५ की ९२ हे एका नजरेत कळतं.

ह्या गुणांची ताकद आपण आपल्याच देशात पाहिली. अमृतने आपला सिंगल मॉल्ट २००४ मध्ये ग्लासगोत आणला. भारतात नव्हे, ग्लासगोत! आपल्याकडे तो विक्रीला आला त्यानंतर काही वर्षांनी. मध्यंतरी जिम मरी ह्या ब्रिटिश समीक्षकाने २०१० च्या आपल्या व्हिस्की बायबलमध्ये अमृत फ्यूजनला ९७ गुण देऊन जगात तिसरी ठरवली. मग काय, जे कालपर्यंत "इंडियन? नको" म्हणत होते ते "फ्यूजन आहे का?" विचारायला लागले. व्हिस्की तीच होती. आपली जीभही तीच होती. बदलला तो परक्या माणसाने दिलेला आकडा. मला त्या यशाचा आनंद आहेच. पण आपल्या घरातली चव ओळखायला बाहेरचं प्रशस्तिपत्र लागावं, ह्याची थोडी लाजही वाटते.

आता माझीच गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्यांवर टीका करून सुटणं सोपं असतं. मीही काही वर्षं व्हिस्कीबद्दल लिहायचो आणि गुण द्यायचो. एका मित्राने एकदा घरी बोलावलं. सहा सारखे ग्लास, त्यांवर अ ते फ अशी चिठ्ठी. बाटल्या आत ठेवलेल्या. मी थाटात वास घेतला, घोट घेतला, गुण लिहिले. "क" ला मी सर्वांत जास्त गुण दिले. ती निघाली भारतीय, आणि तिच्याबद्दल मी सहा महिन्यांपूर्वी तीन ओळींत नाक मुरडलं होतं. माझी वर्षानुवर्षांची आवडती, जिच्यावर मी दोन पानं लिहिली होती, ती पाचवी आली. ती मला ओळखताही आली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. मित्र बेरकी. आठवड्याने पुन्हा बोलावलं, त्याच सहा, चिठ्ठ्या बदललेल्या. दोन ग्लासांचे माझे गुण पाच-सहाने बदलले. त्या दिवशी मला थोडी सर्दी होती आणि दुपारी मिसळ खाल्ली होती. माझा अंदाज सहा गुणांनी हलतो आणि मी वाचकाला सांगत होतो की ही ८८ ची आहे आणि ती ८९ ची! त्या दिवसापासून मी गुण देणं बंद केलं. गुण देणारे सगळे खोटारडे आहेत असं मी म्हणत नाही. बरेचजण माझ्यापेक्षा कितीतरी तयार नाकाचे आहेत. पण एका गुणाचा फरक बघून तुम्ही दोन हजार रुपये जास्त देत असाल, तर तुम्ही मापाच्या पट्टीवर नसलेली रेघ वाचताय.

तिसरा आकडा, किंमत. ह्यावर थोडक्यात. मुंबईतल्या दुकानात परदेशी बाटलीची जी किंमत दिसते तिच्यात केंद्राचं आयात शुल्क, राज्याचं उत्पादन शुल्क, विक्रीकर असं बरंच काही असतं. वर्षानुवर्षं आयात शुल्क दीडशे टक्के होतं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं आपलं शुल्क तीनशेवरून दीडशे टक्क्यांवर आणलं आणि किमती एकदम उतरल्या. त्या दिवशी बाटलीतली व्हिस्की खालच्या दर्जाची झाली का? नाही ना? मग महाग होती तेव्हा ती वरच्या दर्जाची होती, असं तरी का मानायचं? २०२५ च्या जुलैमध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात आयात शुल्क आधी पंचाहत्तर आणि दहा वर्षांत चाळीस टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलं आहे. तेव्हाही हाच धडा लागू. किंमत करांबद्दल आणि दुर्मिळतेबद्दल सांगते, चवीबद्दल फार थोडं.

चौथा एक आकडा आहे, तो शौकीन मंडळींचा: पीपीएम. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींचा थर. तो वाळवून जाळतात, त्या धुरावर जव सुकवतात, आणि धुरातली फिनॉल नावाची द्रव्यं धान्यात उतरतात. त्यांचं प्रमाण म्हणजे पीपीएम. आर्डबेगचं साधारण ५५, लॅगाव्हुलिनचं ३५ च्या आसपास. तरुण मंडळी हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे पाठ करतात. पण हे माप बहुधा धान्याचं असतं, ग्लासातल्या व्हिस्कीचं नाही. भट्टीत आणि पिंपात त्यातलं बरंचसं कमी होतं, आणि किती कमी होतं ते भट्टीचा आकार आणि मधली धार कुठे तोडली ह्यावर ठरतं. म्हणजे पुन्हा तेच. आकडा खरा, पण तुमच्या ग्लासाचा नाही.

आता भाषेबद्दल, कारण समीक्षा शेवटी भाषेतच होते. बाटलीच्या मागे लिहिलेलं असतं: हेदरची फुलं, ख्रिसमस केक, गूसबेरी. आपल्यापैकी किती जणांनी हेदर हुंगलाय? मी नाही. तरी मी वर्षानुवर्षं लिहीत होतो, "हेदरची हलकी छटा". हे उसनं नाक झालं. १९७९ मध्ये स्कॉटलंडातल्या संशोधकांनी वासांचं एक चक्र तयार केलं, सगळ्यांनी एकच शब्द एकाच अर्थाने वापरावा म्हणून. उद्देश चांगला. पण ते शब्द त्यांच्या स्वयंपाकघरातले आहेत. आपल्या स्वयंपाकघरात काय कमी आहे? धुराची व्हिस्की हुंगा आणि हुरड्याची आगटी आठवते का बघा. शेरीच्या पिंपातलीत खजूर, काळ्या मनुका, कधी चिंचगुळाची आंबटगोड ओढ. बर्बनच्या पिंपातलीत ओलं खोबरं, पिकलेलं केळं, शिऱ्यातली वेलची. आयलेची एखादी व्हिस्की हुंगल्यावर लहानपणी गुडघ्याला लावलेलं आयोडीन आठवतं. गोव्याच्या एखाद्या बाटलीत पिकलेल्या फणसाचा वास मला पहिल्यांदा आला तेव्हा वाटलं, अरे, हे तर घरचं! हे शब्द वापरले की दोन फायदे होतात. समोरच्याला कळतं, आणि आपल्यालाही कळतं की आपण खरंच काही हुंगलं की नुसतं मागचं लेबल वाचलं.

मग निवडायचं कसं? रिकाम्या हाताने पाठवणार नाही.

पहिलं, बाटली विकत घेण्याआधी ग्लास विकत घ्या. चांगल्या बारमध्ये तीस मिली मिळते. तीन वेगळ्या घराण्यांच्या तीन चवी घ्या, एकाच दिवशी नव्हे. हलकी, फळांची हवी तर ग्लेनलिव्हेट किंवा ग्लेनफिडिक बारा. सुक्या मेव्याची हवी तर ग्लेनफारक्लास. धुराची हवी तर लाफ्रॉइग दहा. समुद्राची खारट, मिरमिरीत लाट हवी तर स्काय बेटावरची टॅलिस्कर दहा. आणि आपल्याकडची हवी तर गोव्यातल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन किंवा अमृत फ्यूजन. ह्या श्रेष्ठ म्हणून नाही सांगत. ह्या दिशा आहेत. कोणत्या दिशेला आपले पाय वळतात ते बघा.

दुसरं, लेबल वाचायचंच तर वय सोडून तीन गोष्टी वाचा. अल्कोहोल किती टक्के: चाळीस हा किमान आकडा आहे, शेहेचाळीस किंवा वर असेल तर चव भरीव असण्याची शक्यता जास्त. थंड करून गाळली आहे का: शेहेचाळीसच्या खाली व्हिस्की बर्फाने किंवा पाण्याने गढूळ होऊ शकते. ती दिसायला स्वच्छ राहावी म्हणून गाळतात, आणि त्यात काही स्निग्ध घटकही निघून जातात. आणि रंग घातला आहे का. जर्मनीत रंग घातला असेल तर लेबलवर लिहावं लागतं. आपल्याला मिळणाऱ्या बाटलीवर "नैसर्गिक रंग" असं लिहिलं नसेल, तर गडद रंगावरून वय ओळखायला जाऊ नका. बुनाहाब्हेन बारा किंवा स्प्रिंगबँक दहा ह्या बाटल्यांवर ह्या तिन्ही गोष्टी सरळ सांगितलेल्या असतात. तसं सांगणाऱ्याला मी झुकतं माप देतो.

तिसरं, वास. आंबा घेताना आपण देठाशी हुंगतो, मासळी घेताना कल्ले उघडून बघतो. तिथे कुणाचे गुण विचारत नाही. इथेही तेच करा. वर निमुळत्या होणाऱ्या ग्लासात थोडी ओता, पाच-दहा मिनिटं थांबा, नाक आत खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून हळू हुंगा. पहिला घोट जिभेला फक्त जागं करतो, मत बनवायचं ते दुसऱ्यावर. आणि लिहून ठेवा, एक ओळ पुरे, तुमच्या शब्दांत. सहा महिन्यांनी ती वही कुठल्याही मार्गदर्शकापेक्षा उपयोगी पडेल.

आता प्रश्न घेऊ.

श्रोता: पाणी घालावं का? आणि बर्फ? जाणकार लोक नाक मुरडतात.

उत्तर: पाणी जरूर घाला, थेंबाथेंबाने. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडणी करून दाखवलं की पाणी घातल्यावर ग्वायकॉलसारखी धुराची चव देणारी रेणुद्रव्यं पृष्ठभागाकडे येतात. शिवाय बाटली भरताना डिस्टिलरीने पाणी बहुतेक वेळा घातलेलंच असतं! तुम्ही घातलं तर पाप कसं? बर्फाने वास मिटतो, म्हणून निवड करताना नको. निवड झाल्यावर मे महिन्यात नागपुरात बसून तुम्ही बर्फ घातलात, तर तुम्हाला बोलणारा मी कोण?

श्रोता: ब्लेंड म्हणजे कमअस्सल का?

उत्तर: मुळीच नाही. चांगलं ब्लेंड करणं ही मोठी कला आहे. चांगलं ब्लेंड वाईट सिंगल मॉल्टपेक्षा केव्हाही चांगलं. "सिंगल" ही पदवी नाही, वर्णन आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकलं जाणारं बरंचसं मद्य मळीपासून काढलेल्या अल्कोहोलवर बेतलेलं असतं, आणि युरोपात ते व्हिस्की ह्या नावाने विकता येत नाही. ते आवडत असेल तर प्या, पण तुलना करताना हे माहीत असू द्या.

श्रोता: माझ्याकडे एक अठरा वर्षांची बाटली आहे. मुलगा अमेरिकेहून घेऊन आला होता. दहा वर्षं झाली. चांगल्या दिवसासाठी ठेवली आहे.

उत्तर: उभी आहे की आडवी?

श्रोता: उभी आहे.

उत्तर: मग ठीक आहे. मुलगा परत कधी येतोय?

श्रोता: दिवाळीत.

उत्तर: त्याच्याबरोबर उघडा. आणि एकदा उघडली की वर्षभरात संपवा, कारण अर्धी रिकामी बाटली हवेने हळूहळू विझते. एकट्याने संपवू नका, चार माणसं बोलवा. आणि ओतण्याआधी लेबलवर कागद चिकटवा. मुलाला विचारा कशाचा वास येतोय, तुम्ही तुमचा सांगा. अठरा हा आकडा नंतर बघता येईल.